शहराचे अन्न, शेताचे देणे
इंदूर: नगररचना, खतनिर्मिती आणि माती यांच्या नात्याची शंभर वर्षे

नगररचना हा अभियंत्यांचा आणि महापालिकांचा विषय आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध येतो तो शहराच्या वाढत्या हद्दीत जमीन गेल्यावरच, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रत्येक शहर दररोज आपल्या भोवतालच्या शिवारातून काही ना काही उचलत असते. धान्य, भाजीपाला, दूध व फळे यांच्या रूपाने मातीतील नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब यांचा अखंड ओघ शहराकडे वाहत असतो. हा ओघ शहरात शिरल्यावर त्याचे पुढे काय होते, त्याला परतीचा रस्ता आहे काय, हा प्रश्न नगररचनेचा आहे तितकाच शेतीचाही आहे. ‘शाश्वत शहर’ या शब्दाचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, जे नेले ते वापरण्याजोग्या रूपात परत करणारे शहर.

आपल्या देशात या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ इतिहास कोणत्या शहराला असेल तर तो इंदूरला. मराठी राज्यकर्त्या होळकरांच्या या राजधानीत १९१८ साली एका जीवशास्त्रज्ञाने नगररचनेचा अहवाल लिहिला. त्यानंतर काही वर्षांतच, १९२४ पासून, त्याच शहराच्या शिवारात जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी खतनिर्मितीची रीत सिद्ध झाली. आणि त्याच शहरात २०२२ साली ओल्या कचऱ्यापासून वायू व खत निर्माण करणारा दररोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. हे तिन्ही टप्पे एकत्र वाचले, तर विस्तार कार्यकर्त्यांना आणि प्रयोगशील शेतकऱ्यांना उपयोगी पडेल असे बरेच काही हाती लागते.

नगररचनाकार आणि उंदराची मिरवणूक

पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. नगररचनेकडे ते जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहत. शहर हा एक सजीव आहे, त्याला आत येणारे अन्न व बाहेर जाणारे मल या दोहोंचाही विचार करावा लागतो, अशी त्यांची धारणा होती. १९१४ नंतरच्या दशकात त्यांनी भारतातील अनेक शहरांची पाहणी करून अहवाल दिले. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या भारतीय अहवालांपैकी सर्वांत विस्तृत अहवाल इंदूरचा. इंदूर दरबारला सादर झालेला हा दोन खंडांचा ग्रंथ १९१८ साली प्रसिद्ध झाला.

त्या काळी इंदूर प्लेग आणि हिवतापाने गांजले होते. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो हे सिमॉन्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांतून पुढे आले होते, परंतु ते ज्ञान घराघरांत पोचलेले नव्हते. गेडिस यांनी दिवाळीच्या सुमारास एक आगळी मिरवणूक आयोजित केली. तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या आळ्यांतील घरे सर्वांत स्वच्छ असतील तेथूनच ती जाईल, असे अगोदर जाहीर करण्यात आले. साहजिकच प्रत्येक आळीत झाडलोट सुरू झाली. मिरवणुकीत रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि त्यांच्यामागून शुभ्र वस्त्रे नेसलेले, फुलांनी सजविलेले झाडू घेतलेले सफाई कामगार होते. ज्यांना समाज एरवी दूर ठेवी, त्यांना त्या दिवशी मानाचे स्थान मिळाले.

या प्रसंगाची गंमत म्हणून नोंद घेतली जाते, पण त्यामागील विचार अधिक महत्त्वाचा आहे. शहराचा मैला व कचरा लांबवर वाहून नेऊन नदीत सोडणाऱ्या खर्चिक योजनांवर गेडिस यांनी टीका केली. हे द्रव्य बागा आणि शेतांकडे वळवावे, म्हणजे नद्या स्वच्छ राहतील आणि जमीन सुपीक होईल, असे त्यांचे सांगणे होते. कचरा ही केवळ दूर करण्याची वस्तू मानली की शहर एक रोग हटवून दुसऱ्याला जागा करून देते, हे त्यांना जीवशास्त्रज्ञ म्हणून दिसत होते. परंतु मैल्याचे व कचऱ्याचे निर्धोक खत नेमके कसे करावे, याची शास्त्रशुद्ध रीत त्या वेळी हाताशी नव्हती. ती रीत सहा-सात वर्षांनी त्याच शहरात घडू लागली.

हॉवर्ड, वाड आणि इंदूर पद्धत

अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून भारतात आले. १९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि तिचे संचालकपद त्यांच्याकडे आले. होळकर संस्थानाने या संस्थेसाठी सुमारे ३०० एकर जमीन दिली. तीच संस्था पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय झाली. हॉवर्ड यांचे तेथील सहकारी, रसायनज्ञ यशवंत वाड, यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही. परंतु १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शेतीतील टाकाऊ पदार्थांपासून ह्यूमस करण्यावरील मूळ ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने वाड यांचे नाव आहे, आणि या पद्धतीचा रासायनिक पाया त्यांच्या कामावर उभा आहे.

माळव्यातील अडचण आपल्याकडील शेतकऱ्याला सहज कळेल अशी होती. शेणाचा मोठा भाग गोवऱ्या थापण्यात जाई, म्हणून शेणखत अपुरे पडे. दुसरीकडे कपाशीच्या पळाट्या, तुरीच्या तुराट्या, तण, पालापाचोळा आणि गवत यांची कमतरता नव्हती, पण हे कठीण पदार्थ सहज कुजत नसत. संस्थेने त्यावर साधे उपाय योजले. पळाट्या व तुराट्या प्रक्षेत्राच्या रस्त्यांवर अंथरल्या जात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली त्या चिरडून मऊ होत. त्यांवर गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, थोडे शेण व लाकडाची राख यांचे थर दिले जात. म्हणजे मोजक्या शेणात भरपूर काडीकचरा कुजविण्याची सोय झाली.

या रीतीचे मर्म तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे कर्ब आणि नत्र यांचा तोल. सुरुवातीला हे प्रमाण ३० ते ३५ भाग कर्बाला १ भाग नत्र असे राखले, तर सूक्ष्मजीव वेगाने वाढतात. खत तयार होईपर्यंत ते सुमारे १० ते १५ ला १ पर्यंत उतरते. दुसरी गोष्ट ओलावा. पिळलेल्या कापडाइतका ओलसरपणा पुरे, पाणी निथळता कामा नये. तिसरी म्हणजे हवा. पहिली पलटी सुमारे पंधरा दिवसांनी, दुसरी आणखी पंधरा दिवसांनी आणि तिसरी त्यानंतर महिन्याने दिली की साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. ढीग नीट भरला असेल तर आतील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तणांचे बी, रोगजंतू व किडींच्या अवस्था या उष्णतेत नष्ट होतात.

१९३१ मध्ये हॉवर्ड मायदेशी परतले. त्यानंतर संस्थेतील जॅक्सन व वाड यांनी ही रीत वस्तीतील मैला व कचऱ्यासाठी बसवून तिची माहिती १९३४ मध्ये प्रसिद्ध केली. एप्रिल १९३५ मध्ये महात्मा गांधी या संस्थेला भेट देऊन गेले. म्हणजे गेडिस यांनी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर सोळा वर्षांच्या आत त्याच शहराने दिले होते.

सोनखत ते संमिश्र कचरा

मराठीत मैल्याच्या खताला ‘सोनखत’ असा शब्द आहे. ज्या वस्तूकडे माणूस नाक मुरडतो तिला सोन्याची उपमा देणारा हा शब्द शेतकऱ्यानेच घडविला असणार. पुढे १९३९ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन. आचार्य यांनी चर खणून थर भरण्याची आणि मातीने झाकून न पालटता कुजविण्याची पद्धत विकसित केली. मनुष्यबळ कमी लागत असल्याने आणि माश्यांचा उपद्रव आटोक्यात राहत असल्याने ती अनेक नगरपालिकांनी स्वीकारली. काही दशके शहरालगतचे शेतकरी असे खत आवडीने नेत असत.

हे चक्र तुटले ते कचऱ्याचे स्वरूप बदलल्यामुळे. प्लॅस्टिक, काच, विजेऱ्या, औषधांच्या बाटल्या, रंगांचे डबे आणि बांधकामाचा राडारोडा एकाच पेटीत पडू लागला. १९७० च्या दशकात अनेक महानगरांत यांत्रिक खतनिर्मिती केंद्रे उभारली गेली. यंत्र कितीही मोठे असले, तरी एकदा मिसळलेला कचरा पुन्हा पूर्णपणे वेगळा करता येत नाही, हा अनुभव तेव्हा आला. खताच्या गोणीतून काचेचे तुकडे निघाले, नांगरलेल्या रानात प्लॅस्टिकच्या चिंध्या फडफडू लागल्या आणि शहराचे खत म्हणजे शेतात ओतलेला कचरा, असे शेतकऱ्याच्या मनात बसले. तो विश्वास गेला, तो अनुदानाने लगेच परत आला नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने शहरी कंपोस्टसाठी टनामागे १५०० रुपयांचे विपणन साहाय्य जाहीर केले आणि त्याच वर्षी घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले. या दोन्हींपैकी शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे तो दुसरा निर्णय.

देवगुराडियाचा बदल

इंदूरच्या पूर्वेकडील देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे शहराचा कचरा साठत होता. सुमारे १०० एकरांवरील या जागेत लाखो टन जुना कचरा पडून होता. तो चाळून, वेगळा करून जागा मोकळी करण्यात आली. तथापि खरा बदल त्याआधी घराच्या उंबरठ्यावर झाला. घंटागाडी दारात आली की ओला, सुका व घातक कचरा वेगळा द्यायचा आणि मिसळलेला कचरा स्वीकारायचा नाही, हा नियम चिकाटीने राबविण्यात आला. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ या सलग सात फेऱ्यांत इंदूर पहिले आले, त्यांपैकी शेवटच्या वर्षी सुरतसह.

याच पायावर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडिया येथील गोबरधन प्रकल्पाचे उद्घाटन झाले. दररोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याची त्याची क्षमता आहे. बंदिस्त टाक्यांत हवेविना कुजणाऱ्या या कचऱ्यापासून दिवसाला सुमारे १७,००० किलो जैव सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत मिळावे, अशी त्याची आखणी आहे. हा वायू शहरातील बससाठी वापरला जातो.

शेतकऱ्यांसाठी या आकड्यांपैकी शेवटचा महत्त्वाचा. हेक्टरी ५ टन मात्रा धरली, तर दररोजचे १०० टन खत २० हेक्टरांना पुरते. प्रकल्प वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर हे क्षेत्र सुमारे ७,३०० हेक्टर होते. सोयाबीन व गव्हाच्या पट्ट्यातील एका मोठ्या शहराभोवतालच्या शिवाराला ही मदत नगण्य नाही. परंतु हे खत प्रकल्पाच्या फाटकाबाहेर पडून बांधावर पोचते की नाही, आणि पोचले तर शेतकरी ते दुसऱ्या वर्षी पुन्हा मागतो की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

ढिगावरची माशी काय सांगते

खताची प्रत तपासण्यासाठी प्रयोगशाळा हवीच, परंतु ढिगावरील कीटक प्रयोगशाळेच्या आधीच बरेच काही सांगून जातात. घरमाशी हे त्यांतील सर्वांत बोलके उदाहरण. ती ओल्या, आंबलेल्या कचऱ्यावर एका वेळी १०० ते १५० अंडी घालते. ती एका दिवसाच्या आत उबतात. उष्ण हवेत अळी आणि कोष या अवस्था पार करून आठ-दहा दिवसांत नवी माशी बाहेर पडते. ५० अंशांच्या वरील उष्णतेत अळी जगत नाही, म्हणून ढीग तापू लागला की अळ्या थंड असलेल्या बाहेरच्या थराकडे सरकतात आणि कोषावस्थेसाठी कोरड्या कडेला जातात.

यातून व्यवहारातले दोन नियम निघतात. स्वयंपाकघरातील ओला कचरा असलेल्या ढिगाला पहिली पलटी पंधरा दिवसांनी दिली, तर तोवर माश्यांची एक पिढी उडून गेलेली असते. अशा ढिगाला पाचव्या-सहाव्या दिवशीच पलटी देऊन बाहेरचा थर आत घालावा, किंवा भरतानाच वरून कोरड्या पाल्याचा अथवा तयार खताचा वीतभर थर द्यावा. दुसरे असे की, ज्या ढिगावर आठवडे लोटले तरी माश्या घोंघावत असतात, तो ढीग तापलेला नाही असे समजावे. तेथे ओलावा जास्त आहे, हवा कमी आहे किंवा झाकण नाही. रोगजंतू व तणांचे बी यांचाही नाश तेथे झालेला नसणार.

माश्या दिसल्या की ढिगावर कीटकनाशक फवारण्याची घाई काही ठिकाणी होते. हा उपाय उलटतो. ढिगात माशीची अंडी व अळ्या खाणारे भुंगेरे आणि कोळीवर्गीय जीव असतात, तसेच कोषांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधिलमाश्याही असतात. फवारणीत हे मित्रकीटक आधी मरतात, माशी लवकरच परतते आणि औषधाचे अवशेष खतात राहण्याचा धोका वेगळाच. पलटी आणि झाकण हेच येथे खरे कीडनियंत्रण होय.

ओल्या कचऱ्यावर वाढणारी ब्लॅक सोल्जर फ्लाय ही मात्र वेगळ्या जातीची पाहुणी आहे. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने खाऊन कमी करतात. प्रौढ माशी अन्नाच्या शोधात घरात शिरत नाही, आणि जेथे तिच्या अळ्यांची संख्या मोठी असते तेथे घरमाशीला अंडी घालायला फारसा वाव मिळत नाही. या अळ्या कोंबड्या व माशांच्या खाद्यात वापरता येतात. तथापि त्यांनी मागे टाकलेला भुगा थेट शेतात न घालता पुन्हा काही आठवडे कुजवावा.

हुमणीची भीती: खरी किती, गैरसमज किती

‘शहराचे खत घातले आणि हुमणी आली’, ही तक्रार विस्तार कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार पडते. तिच्यात तथ्य आहे, पण ते कच्च्या खताबाबत. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने खातात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. अर्धवट कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांनी भरलेली जमीन लहान अळ्यांना पोसते. उन्हाळाभर उघड्यावर पडलेल्या कच्च्या खताबरोबर अळ्या शेतात जाण्याचा संभवही असतो. वाळवीचेही तसेच आहे. न कुजलेली काडी हे तिला दिलेले आमंत्रण ठरते.

परंतु ढिगात सापडणारी प्रत्येक पांढरी, वाकडी अळी हुमणीच असते असे नाही. पूर्ण कुजत आलेल्या ढिगात फुलभुंगेऱ्यांच्या अळ्याही आढळतात. त्या कुजका पाला खातात, जिवंत मुळांना सहसा इजा करीत नाहीत. ओळखण्याची सोपी खूण अशी: अळी सपाट जागेवर ठेवली असता ती पाठीवर पडून, पाय वर करून सरपटू लागली, तर ती फुलभुंगेऱ्याची समजावी. हुमणीची अळी कुशीवर ‘सी’ आकारात पडून राहते. अंगठ्याएवढ्या जाड, मोठ्या अळ्या गेंडा भुंग्याच्या असू शकतात. त्या ढिगात निरुपद्रवी असल्या, तरी त्यांपासून होणारा भुंगा नारळाच्या कोंबात शिरतो. म्हणून नारळाच्या प्रदेशात असे ढीग मेटारायझियम बुरशीने उपचारित करावेत.

बांधावरचा हिशेब

शहरी कंपोस्टची तुलना पुष्कळदा युरियाशी केली जाते आणि तेथेच त्याचा पराभव होतो. खत नियंत्रण आदेशातील किमान ०.८ टक्का नत्र धरला, तर ५ टन खतातून ४० किलो नत्र मिळते. तेवढेच नत्र ४५ किलोच्या जेमतेम दोन गोण्या युरियातून मिळते. शिवाय कंपोस्टमधील नत्राचा काही भागच पहिल्या हंगामात पिकाला लागू पडतो. दोन गोण्यांऐवजी शंभर गोण्यांचे वजन वाहून न्यावे, असे केवळ नत्रासाठी कोणी सांगू नये. हॉवर्ड आणि वाड यांनी आपल्या ग्रंथात ह्यूमस हाच शब्द धरून ठेवला, त्याचे कारण हेच. मातीची घडण, पाणी धरून ठेवण्याची शक्ती, मुळांभोवतालचे जीवन आणि दिलेल्या रासायनिक खताचा उपयोग वाढविणे, यांसाठी कंपोस्ट आहे. ते मातीपरीक्षणानुसार रासायनिक खतांच्या जोडीने द्यावे.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. आदेशानुसार कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम, आर्सेनिक १० मिलिग्रॅम, क्रोमियम व निकेल प्रत्येकी ५० मिलिग्रॅम आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त असता कामा नये. मर्यादेवर असलेले खत ५ टन घातले, तरी हेक्टरी ५०० ग्रॅम शिसे व २५ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते. नत्र उडून जाते, पालाश पीक उचलते; जड धातू मात्र तेथेच राहतात आणि दरवर्षी त्यांची भर पडते. एका घराने ओल्या कचऱ्यात टाकलेली विजेरी कोणाच्या तरी शेतात जन्मभरासाठी मुक्कामाला येते. म्हणूनच कचऱ्याचे वर्गीकरण हा स्वच्छतेचा उपचार नसून मृदसंधारणाचे काम आहे, हे शहरवासीयांना सांगण्याचा अधिकार शेतकऱ्याचा आहे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

१. शेतकऱ्यांच्या गटासाठी शहरी कंपोस्ट घेताना त्या खेपेचा पृथक्करण अहवाल मागावा. जड धातूंसोबत कर्ब-नत्र प्रमाण (२० पेक्षा कमी) आणि क्षारता (विद्युतवाहकता ४ डेसीसीमेन प्रति मीटरपेक्षा अधिक नसावी) अवश्य पाहावी.

२. मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून तीन-चार दिवस ठेवावे. उघडल्यावर पावसाळी मातीचा वास आला तर खत पक्व. आंबूस किंवा अमोनियाचा उग्र वास आला तर ते अजून कच्चे आहे.

३. खत व माती समप्रमाणात मिसळून कुंडीत मुगाचे बी पेरावे आणि नुसत्या मातीच्या कुंडीशी उगवण ताडून पाहावी. उगवण मागे पडली तर ते खत पेरणीच्या तोंडावर वापरू नये.

४. ढिगाच्या गाभ्यात लोखंडी सळई खुपसून पाच-दहा मिनिटांनी बाहेर काढावी. पहिल्या आठवड्यात ती हाताला चटका देणारी हवी. खत तयार झाल्यावर ती कोमटही लागू नये.

५. पहिल्या वर्षी सर्व क्षेत्राला खत न देता एका भागात देऊन शेजारी तुलनेचा पट्टा ठेवावा. पिकाबरोबरच मुळे, ओलावा आणि हुमणी व वाळवीचा उपद्रव यांच्या नोंदी घ्याव्यात.

६. काच अथवा प्लॅस्टिक आढळल्यास खेप परत करावी आणि तशी लेखी नोंद प्रकल्पाकडे द्यावी. गपचूप स्वीकारलेली एक वाईट खेप गावात दहा वर्षे लक्षात राहते.

७. कच्चा ओला कचरा कोणत्याही कारणाने थेट शेतात पसरू देऊ नये, मग तो फुकट मिळत असला तरी.

या सूचनांबरोबरच एक मागणी नगररचनेच्या पातळीवरही लावून धरावी लागेल. खत हा जड आणि कमी किमतीचा माल आहे. त्याची किंमत वाहतुकीतच संपते. शहराच्या विकास आराखड्यात रस्ते, उद्याने आणि बाजारपेठा यांच्यासाठी जशी जागा राखली जाते, तशीच शहराच्या निरनिराळ्या दिशांना खतनिर्मिती व साठवणीसाठी राखली गेली, तर परतीचा प्रवास छोटा होईल. भाजीपाला घेऊन आलेले वाहन परतताना रिकामे जाते. त्यातून खत न्यावे, इतकी ही साधी गोष्ट आहे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने गोबरधन प्रकल्पांच्या सेंद्रिय खतासाठी टनामागे १५०० रुपयांचे साहाय्य मंजूर केले आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आपल्या जवळच्या प्रकल्पाकडे त्याची चौकशी करून वर्षभराच्या पुरवठ्याचे करार करावेत. करारात प्रतीची अट पहिली आणि दराची अट दुसरी असावी.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असे आपल्याकडे म्हटले जाते. इंदूरच्या उकिरड्याला शंभर वर्षे लागली. गेडिस यांनी ज्या झाडूला फुले वाहिली आणि वाड यांनी ज्या ढिगाची उष्णता मोजली, त्या दोहोंची आज पुन्हा गाठ पडली आहे. पुढची गाठ बांधावर पडायची आहे. शहराने दिलेली खेप शेतकरी हातात घेऊन पाहील, वास घेईल, चाळून पाहील आणि मगच ठरवील. त्या वेळी त्याच्या शेजारी उभा असलेला विस्तार कार्यकर्ता जाणकार असेल, तर चांगली खेप शेतात जाईल आणि वाईट खेप फाटकाकडे परत फिरेल. शहरे सुधारण्यासाठी या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज आहे.